खराडीच्या पाण्यातले सिक्लिड

घरात सहा फुटी फिश टँक ठेवायचा ठरला की बहुतेक जण आधी मासा ठरवतात. दुकानात एखादा निळाभोर इलेक्ट्रिक ब्लू नजरेत भरतो, किंवा नातेवाइकांकडे हातातून दाणे खाणारा ऑस्कर पाहिलेला असतो. मग त्या माशासाठी टँक, टँकसाठी फिल्टर आणि फिल्टरसाठी जागा शोधणे सुरू होते. पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी येतो, तोही मासे वर येऊन धापा टाकायला लागल्यावर. या पुस्तकाचा क्रम वेगळा आहे. इथे सुरुवात नळापासून होते. मग जमीन, काच, वीज, फिल्टर, दगड असे करत आपण माशांपर्यंत पोहोचतो. मोठ्या टँकमध्ये सिक्लिड कुळातले मासे पाळायचे असतील, आणि तेही खराडीत, तर हाच क्रम हवा असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे या प्रस्तावनेत सांगायची आहेत.

खराडीत नळाचे पाणी म्हणजे नेमके कुठले पाणी, हे सोसायटीगणिक बदलते. भामा आसखेड धरणाचे पाणी २०२१ च्या जानेवारीपासून पुणे शहराच्या या पूर्व भागाला मिळू लागले. तरीही अनेक सोसायट्यांत महापालिकेचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडते आणि तिथून गच्चीवर चढते. पावसाळ्यानंतर महापालिकेचा वाटा मोठा असतो. मार्च उजाडला की टँकरच्या फेऱ्या वाढतात. धरणातले पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे, म्हणून हलके आणि कमी क्षारांचे. बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून मुरत आलेले, त्यामुळे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवते, बाथरूमच्या टाइल्सवर डाग ठेवते ते हे पाणी. घरातल्या माणसांना नकोसे झालेले हे जड पाणी पूर्व आफ्रिकेतल्या सरोवरांच्या सिक्लिडांना मात्र मानवते, आणि खराडीकरांच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी अनुकूल गोष्ट आहे.

मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, टांगानिका सरोवराचा त्याहून वर, ९ च्या आसपास. उलट, ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ निग्रोसारख्या काळसर पाण्याच्या नदीत पीएच ५ च्याही खाली जातो आणि क्षार जवळजवळ नसतातच. डिस्कस त्या बाजूचा मासा. तो खराडीच्या बोअरच्या पाण्यात ठेवायचा तर दर आठवड्याला आरओचे पाणी तयार करून मिसळत बसावे लागते, आणि आरओ यंत्र एक लिटर गोड पाणी देताना बरेच पाणी मोरीत सोडते. टँकर मोजून घेणाऱ्या सोसायटीत सहाशे लिटरच्या टँकसाठी हा मार्ग मला पटत नाही. नळाला जे पाणी येते त्यात सुखाने राहील असा मासा निवडला की अर्धे कष्ट आपोआप वाचतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आफ्रिकन सिक्लिडांना जितके जड पाणी तितके चांगले, असे दुकानांतून सांगितले जाते आणि त्यासाठी मिठाची पाकिटेही विकली जातात. प्रत्यक्षात मलावीचे पाणी आपल्या बऱ्याच बोअरपेक्षा हलके आहे. त्याचे वैशिष्ट्य क्षारांच्या ढिगात नसून स्थैर्यात आहे. ते अल्कधर्मी असते आणि वर्षभर फारसे हलत नाही. आपल्या पाण्याची अडचण नेमकी इथेच आहे. ऑक्टोबरातले आणि एप्रिलमधले पाणी एकाच नळातून आले तरी एकसारखे नसते. म्हणून पाणी एकदा तपासून भागत नाही. निदान दोन ऋतूंत, आणि टँकर सुरू झाले की पुन्हा, तपासावे लागते.

तपासायचे कशाने? बहुतेकांच्या हातात टीडीएस मीटर असतो, कारण आरओ बसवायला आलेला माणूस तो दाखवून जातो. या मीटरवर विसंबून अनेकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आता अनेक इमारतींत सॉफ्टनर प्लांट असतो. त्यातले रेझिन पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. विरघळलेल्या क्षारांची एकूण मात्रा जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे मीटरवर आधी सहाशे असेल तर नंतरही सहाशेच्या घरातच आकडा दिसतो. पण माशाला ज्या कॅल्शियमची गरज आहे ते निघून गेलेले असते. कडकपणा, म्हणजे जीएच, शून्याजवळ येतो, पीएच मात्र चढाच राहतो. म्हणून थेंबांचा टेस्ट किट घ्यावा. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, एकेक थेंब टाकून हलवायचे आणि मोजायचे. जीएचच्या किटमध्ये नारिंगी रंग ज्या थेंबाला हिरवा होतो तो आकडा म्हणजे तितके अंश. सॉफ्टनरच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला हिरवा रंग येतो, शेजारी टीडीएस मीटर सहाशे दाखवत असतो, आणि दोन्ही आकडे खरे असतात. अशा इमारतीत राहत असाल तर खाली बागेचा नळ कुठल्या लाइनवर आहे ते प्लंबरला विचारा. बऱ्याचदा तो सॉफ्टनरच्या आधीच्या कच्च्या पाण्याचा असतो, आणि आपल्याला हवे असते ते तेच पाणी. नायट्रेटही त्याच दिवशी तपासून घ्यावे. शहरी भागातल्या बोअरमध्ये ते मुळातच असू शकते, आणि तसे असेल तर पाणी बदलून ते किती खाली आणता येईल याला तिथेच मर्यादा पडते.

सोसायटीची टाकी धुण्याचा दिवस लक्षात ठेवायला हवा. टाकी धुतली की ब्लीचिंग पावडर पडते, आणि त्या संध्याकाळी नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. सूचना आली की पुढचे दोन दिवस टँकमधले पाणी बदलू नये. एरवीही हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घरात असावेत.

पाणी बदलण्याचा विषय निघालाच आहे तर त्याची नैतिक बाजूही मांडतो. सहाशे लिटरच्या टँकमधले तिसरा हिस्सा पाणी दर आठवड्याला बदलायचे तर दोनशे लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे धरले जाते. म्हणजे आपला टँक आठवड्याला एका माणसाच्या दीड दिवसाचे पाणी घेतो. ते गटारात सोडणे मला मान्य नाही. टँकमधून निघालेल्या पाण्यात नायट्रेट असते आणि झाडांना तेच खत लागते. पंपाला पाइप जोडून ते पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना आणि उरलेले सोसायटीच्या बागेला देण्याची सोय टँक बसवतानाच करावी. पुढे ती होत नाही.

पाण्यानंतर जमीन. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये काठोकाठ भरले तर ६८० लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा आणि दगडांची जागा वजा जाता सहाशेच्या आसपास. बारा मिलिमीटर काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे नुसत्या काचेचे सव्वाशे किलो. त्यात दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालचा सम्प, म्हणजे फिल्टरचा टँक, धरला की एकूण वजन एक टनावर जाते, आणि ते सगळे जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर उभे राहते. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका भार धरलेला आहे. तो संपूर्ण खोलीवर पसरलेला भार आहे, त्यामुळे एका कोपऱ्यात त्याच्या चौपट वजन ठेवले की स्लॅब खचेलच असे नाही. पण ठेवले तरी चालते, असेही कुणी अंदाजाने सांगू नये. टँक बीमच्या जवळ, भार घेणाऱ्या भिंतीला लागून, शक्यतो बीमला आडवा ठेवावा. बाल्कनीत ठेवू नये. खराडीतल्या नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या आरसीसी भिंती असतात. जुन्या चार मजली इमारतींत विटांची पार्टिशन असते आणि ती भार घेत नाही. आपली भिंत कुठली, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच नकाशा पाहून सांगू शकतो. त्याची फी टँकच्या एकूण खर्चात नगण्य असते.

काचेबद्दल थोडेच सांगतो, कारण त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. दोन फूट उंचीला बारा मिलिमीटर आणि वरून कडेने पट्ट्या, हे किमान. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, म्हणून ओव्हरफ्लोची जागा आधी ठरवावी. टँक तयार झाला की तो बनवणाऱ्याच्या जागेवरच भरून निदान आठवडाभर ठेवायला सांगावे. आठव्या मजल्यावर गळती सापडली तर खालच्या घराचे पीओपीही जाते.

फिल्टरवर पैसे वाचवू नयेत. हा सल्ला सगळेच देतात, पण आपल्या जड पाण्यात त्याला एक खास कारण आहे. माशांच्या विष्ठेतून आणि श्वसनातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम, तुलनेने निरुपद्रवी, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. या दोघांचे प्रमाण पीएचवर ठरते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो आणि ८.५ ला पंधरा टक्क्यांपर्यंत. म्हणजे मऊ पाण्यातल्या एंजलफिशच्या टँकमध्ये जी चूक खपून जाते, तीच आफ्रिकन टँकमध्ये एका रात्रीत मासे मारते. या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करण्याचे काम फिल्टरमधल्या जिवाणूंचे. हे दोन टप्पे वेगवेगळे जिवाणूच करतात अशी समजूत शंभर वर्षांहून जास्त काळ होती. २०१५ साली नायट्रोस्पायरा गटातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात हे सिद्ध झाले, आणि त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाला होता. आपल्यासाठी व्यावहारिक गोष्ट इतकीच, की या जिवाणूंना घर करायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात टँकमध्ये मासा नसावा. बाटलीतला अमोनिया थोडा थोडा घालून, रोज तपासून, तो चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला की टँक तयार झाला असे समजावे. रिकामा टँक महिनाभर नुसता चालवणे जिवावर येते, मुले रोज विचारतात, पाहुणे विचारतात. तरीही थांबावे.

सहा फुटी सिक्लिड टँकसाठी माझी पसंती सम्पला आहे. खाली स्टँडमध्ये चार फुटी दुसरा टँक, त्यात स्पंज, फिल्टर वूल आणि सिरॅमिक मीडिया, आणि ताशी पाच ते सहा हजार लिटर पाणी वर फेकणारा पंप. कॅनिस्टर सुटसुटीत दिसतो, पण तो बंद डबा आहे. वीज गेली की आतल्या जिवाणूंचा ऑक्सिजन संपतो आणि काही तासांनी तो पुन्हा सुरू केला की आतले सडके पाणी थेट माशांवर येते. खराडीत जनरेटर असलेल्या सोसायट्या पुष्कळ आहेत, पण तो बहुधा लिफ्ट आणि जिन्यांसाठी असतो. घरातले दोन-तीन पॉइंट मिळाले तरी ते कुठले हे बिल्डरने ठरवलेले असते. टँकशेजारचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तम, नाहीतर बॅटरीवर चालणारा एअर पंप तरी हवाच. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आणि एप्रिलच्या उकाड्यात पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. वीज गेल्यावर वरच्या टँकमधले किती पाणी सम्पमध्ये उतरते ते पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून पाहावे. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते पाणी हॉलमध्ये येते.

पुण्याच्या हिवाळ्यापुरता हीटर लागतो. एक मोठा घेण्यापेक्षा दोनशे वॉटचे दोन घ्यावेत. एक चिकटून चालूच राहिला तरी एवढे पाणी तो एकटा उकळवू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा रात्र काढतो. सगळ्या वायरी टँकच्या पातळीखाली झोका देऊन मग प्लगपर्यंत न्याव्यात, म्हणजे ओघळणारे थेंब सॉकेटमध्ये शिरत नाहीत. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नसेल तर टँक भरू नये. या एका बाबतीत मी कुठलीही तडजोड मान्य करत नाही, कारण टँकमध्ये हात घालणाऱ्यांत घरातली मुलेही असतात.

आता दगड. म्बुना या नावाने ओळखले जाणारे मलावीचे खडकाळ किनाऱ्यावरचे मासे दगडांशिवाय ठेवूच नयेत. प्रत्येक नर आपली एक कपार धरून असतो आणि दुर्बळ माशाला नजरेआड होण्यासाठी दुसरी कपार लागते. दुकानात यासाठी किलोच्या भावाने रंगीत, बाहेरून आणलेले दगड मिळतात. आपल्याला त्यांची गरज नाही. शेजारी वाघोलीला दगडाच्या खाणी आहेत आणि तिथला काळा डबर म्हणजे घट्ट बेसाल्ट. तो पाण्यात विरघळत नाही, पीएच हलवत नाही, आणि त्यावर शेवाळ धरले की म्बुना दिवसभर ते खरवडत राहतात. निवडताना मात्र डोळे उघडे हवेत. याच खाणी कॅव्हन्साइट या निळ्या खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांत निळे, हिरवे, पांढरे स्फटिक भरलेले असतात. असा दगड शोकेसमध्ये ठेवावा, टँकमध्ये नको, कारण त्यातून पाण्यात काय उतरेल याची खात्री देता येत नाही. भरीव, भेगा नसलेले तुकडे घ्यावेत, ब्रशने खसखसून धुवावेत आणि पांढऱ्या शिरेवर लिंबाचा थेंब पिळून पाहावा. फेस आला तर ती शीर कॅल्साइटची. आफ्रिकन टँकमध्ये तिचे वावडे नाही, पण दगड कसला आहे हे आपल्याला माहीत असावे.

दगड आधी, वाळू नंतर. तळाच्या काचेवर जाड फोम किंवा प्लास्टिकची जाळी, त्यावर पायाचे मोठे दगड, आणि मग भोवती वाळू. सिक्लिड खणतात. वाळूवर ठेवलेला दगड ते चार दिवसांत पोखरून पाडतात आणि तळाची काच फुटते. वाळूच्या बाबतीत आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. खराडीत जागोजागी बांधकामे असल्याने क्रश सँड फुकटात मिळते. ती टँकमध्ये घालू नये. यंत्रात फोडलेल्या दगडाचे ते कण धारदार असतात, आणि पीकॉकसारखे मलावीचे मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळून खातात. स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये वापरतात ती गोल दाण्याची सिलिका वाळू घ्यावी.

इतके झाल्यावर मासे.

सिक्लिडांच्या कुळात आजवर सतराशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि नव्या सापडतच आहेत. एकट्या मलावीत त्यांच्या कित्येकशे जाती आहेत, बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. थोड्याशा पूर्वजांपासून इतक्या जाती इतक्या कमी काळात कशा घडल्या, हा जीवशास्त्रातला मोठा प्रश्न आहे आणि त्यावर आजही काम चालू आहे. या माशांचे काही वर्तन आपल्या हॉलमध्ये, सोफ्यावर बसून पाहता येते, हे या छंदाचे मोल. यलो लॅब या म्बुनाची मादी अंडी घालते तेव्हा ती दगडावर ठेवून जात नाही. दोन-चार अंडी पडतात न पडतात तोच वळून ती तोंडात घेते. नर समोर पंख पसरून थरथरत असतो. त्याच्या खालच्या पंखावर पिवळे गोल ठिपके असतात, अंड्यांसारखे दिसणारे. मादी ते टिपायला जाते, आणि त्याच वेळी नराने सोडलेले शुक्राणू तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. हे ठिपके अंड्यांची नक्कल आहेत ही कल्पना वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली मांडली. अंडी तोंडात घेतल्यावर जवळपास तीन आठवडे ती मादी काही खात नाही. गळा फुगलेला असतो, जबडा मधूनच अंडी घोळवल्यासारखा हलतो. बाकीचे मासे दाण्यांवर तुटून पडत असताना ती कपारीच्या तोंडाशी थांबून राहते. शेवटी तोंड उघडते तेव्हा पूर्ण तयार पिल्ले बाहेर पडतात, आणि काही हलले की पहिले काही दिवस पुन्हा आत शिरतात.

हे पाहायचे असेल तर निवड जाणून करावी लागते. दुकानात मिक्स आफ्रिकन नावाची एक टाकी असते, दीड-दोन इंचांची रंगीबेरंगी पिल्ले, कुठलीही घ्या, एकच भाव. ती घेऊ नयेत. त्यांत हमखास ऑरेटस असतो, पिल्लू असताना पिवळ्यावर काळ्या पट्ट्यांचा, फार देखणा. मोठा नर काळा पडतो आणि सहा फुटी टँकही त्याला एकट्याला हवा असतो. त्यापेक्षा चार किंवा पाच जाती ठरवाव्यात, प्रत्येकीचे एक-दोन नर आणि चार-पाच माद्या, मिळून पंचवीस-तीस मासे. संख्या जास्त वाटेल, पण म्बुनांच्या बाबतीत थोडे मासे ठेवले की सगळा मार एकावर पडतो. गर्दीत तो वाटला जातो. अर्थात ही गर्दी चांगला फिल्टर असेल तरच पेलते. एकसारख्या रंगाच्या आणि अंगावर सारखेच पट्टे असलेल्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत, कारण नर ज्याला आपल्यासारखा समजतो त्यालाच आधी गाठतो. पीकॉक आणि हॅप हे मलावीचेच दुसरे मासे मात्र म्बुनांपासून वेगळेच ठेवावेत. ते संथ मासे आहेत, त्यांना मोकळे पाणी हवे, आणि म्बुनांच्या धावपळीत त्यांचा रंगच उतरतो. नुसत्या नर पीकॉकांचा टँक हा घरासाठी माझ्या मते सर्वांत शोभिवंत पर्याय आहे. पण लहानपणीच झगझगीत रंगलेले पीकॉक दिसले तर सावध व्हावे. नैसर्गिक नर वयात येईपर्यंत मादीसारखाच करडा असतो. इवलेसे पिल्लू लालभडक असेल तर त्याला हार्मोन दिलेले असण्याची शक्यता मोठी, आणि घरी आल्यावर तो रंग उतरत जातो.

खाण्याबद्दल एकच गोष्ट इथे सांगतो. म्बुना दगडावरचे शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खाणारे, लांब आतड्याचे मासे आहेत. त्यांना प्रेमाने चिकन, बीफ हार्ट, ब्लडवर्म घातले की पोट फुगते, मासा कोपऱ्यात जाऊन खाणे सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसते आणि मग बहुधा उपाय उरत नाही. स्पिरुलिनाचे दाणे, थोडे आणि दिवसातून दोनदा, एवढे पुरते.

अनेकांना आफ्रिकन मासे नको असतात, ऑस्करच हवा असतो. त्याचे आकर्षण मला समजते. तो माणूस ओळखतो, घरातले कोण खायला घालते हे त्याला कळते. तो ॲमेझॉनच्या बाजूचा असला तरी टँकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला असल्याने जड पाण्याशी जमवून घेतो. फक्त दुकानातला दोन इंची ऑस्कर वर्षभरात फूटभर होतो आणि दहा-बारा वर्षे जगतो. सहा फुटी टँकमध्ये दोन, त्याहून जास्त नकोत. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातला मासाच नव्हे. मलेशियात १९९० च्या दशकात मध्य अमेरिकेतले सिक्लिड एकमेकांशी जुळवून तो तयार केला गेला. डोक्यावरचे टेंगूळ जितके मोठे तितकी भरभराट, या समजुतीने तो विकला जातो. जो मासा एकट्याने काढायच्या आयुष्यासाठीच घडवला आहे, त्याला निदान पूर्ण टँक द्यावा, आणि आपल्या भाग्याचा भार त्याच्यावर टाकू नये. इंजेक्शनने रंग टोचलेले किंवा अंगावर लेसरने अक्षरे काढलेले पॅरट सिक्लिड तर कुणीच विकत घेऊ नयेत. गिऱ्हाईक आहे तोवर ते तयार होत राहणार.

आपल्याकडचे सिक्लिड आहेत का, असा प्रश्न नेहमी येतो. आहेत, मोजून तीन. त्यातला एक कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर, केरळात करिमीन म्हणून राज्यमाशाचा मान मिळालेला. दुसरा लहानसा ऑरेंज क्रोमाइड, आणि तिसरा दक्षिण कन्नडच्या नद्यांतला, सहसा न दिसणारा. यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नसून मादागास्करमध्ये आहेत. क्रोमाइड मोठ्या कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, हे निरीक्षण १९७० च्या दशकातच झाले आहे, आणि दोघांना एकत्र ठेवले तर घरीही ते दिसू शकते. दोघांनाही जड, किंचित खारे पाणी चालते. कालुंदर आपण ताटात पाहतो म्हणून टँकमध्ये पाहायचे सुचत नाही, ही खंत मला आहे, आणि पुस्तकात त्याला मलावीच्या माशांइतकीच जागा दिली आहे.

घाटावर मात्र मूळचे सिक्लिड कधीच नव्हते. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या नद्यांसह दख्खनच्या माशांची वर्णने १८४१ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये छापली. त्यांत या कुळातला एकही मासा नाही. आज उजनी धरणातल्या जाळ्यांत चिलापी भरभरून मिळते आणि मुळा-मुठेतही ती आहे. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला सिक्लिड, खाद्यमासा म्हणून १९५२ साली भारतात आणलेला. ती कुठल्याही पाण्यात तग धरते, पिल्ले तोंडात सांभाळते, आणि स्थानिक माशांची जागा बळकावते. टँक साफ करायला म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासाही आता उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. खराडीच्या दक्षिणेला मुळा-मुठा वाहते. नको झालेला मासा पिशवीत घालून पुलावरून सोडून देणे इथे फार सोपे आहे, आणि ज्याला तोंडात पिल्ले सांभाळणारे मासे पाळायचे आहेत त्याने तर हे कधीही करू नये.

पिल्ले होणारच आहेत. यलो लॅबची एक मादी एका वेळी दहा-वीस पिल्ले बाहेर सोडते आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तयार होते. पाच माद्या असतील तर वर्षभरात शेकड्यांनी होतील. मोठ्या टँकमध्ये दगडांत वाढू दिली तर त्यातली बरीचशी इतर मासे खातात. हा निसर्गाचा हिशेब आहे आणि तो बघवत नसेल तर नुसत्या नरांचा टँक हाच मार्ग. वाढवायची असतील तर दोन फुटी वेगळा टँक, स्पंज फिल्टर, आणि एक इंच झाल्यावर ती घेणारा दुकानदार किंवा दुसरा छंदी आधीच हेरून ठेवावा लागतो. दुकानदार शुद्ध जातीची पिल्लेच घेतात. म्हणून एकाच वंशातल्या, एकमेकांशी संकर होईल अशा दोन जातींच्या माद्या एका टँकमध्ये नकोत. कुठल्या जातींच्या जोड्या टाळायच्या, त्याचा तक्ता म्बुनांच्या प्रकरणाच्या शेवटी दिला आहे. मासे आणायला जाण्याआधी तो सोबत घ्यावा.